दस्त्याचं काम सुताराचं नव्हे

"बंदूक मारते ती नळी. दस्ता काय, नुसता धरायला असतो. मोडला तर सुताराकडून बसवून घ्यावा." शिरड शहापूर आणि आसपासच्या गावांत परवान्याची बंदूक असलेल्या माणसांशी बोलायला बसलं, की हे वाक्य कोणी ना कोणी बोलतोच. बोलणारा अनुभवी असतो. जागलीवर त्याने कित्येक हंगाम काढलेले असतात, त्यामुळे समोरचे माना डोलवतात. माझं म्हणणं असं, की हे मत साफ चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे. नळीइतकंच लक्ष दस्त्याकडे दिलं पाहिजे, तो बसवणारा माणूस त्या कामाचा परवाना असलेलाच हवा, आणि असा माणूस शेतकऱ्याच्या आवाक्यात असेल हे पाहणं परवाना देणाऱ्या प्रशासनाचं काम आहे.

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढा आणि वसमतच्या मधलं गाव. खरिपाला सोयाबीन, तूर, कापूस. पाण्याची सोय असेल तिथं हळद. रब्बीला हरभरा आणि थोडीफार ज्वारी. सोयाबीन शेंगांवर आलं की रात्री रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत खातात त्याच्या कितीतरी पट तुडवून जातात. हरभऱ्याला घाटे धरले की रोही येतात. माणसं माळ्यावर रात्र काढतात, डबे बडवतात, फटाके फोडतात, बॅटरीचा झोत फिरवतात. पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक असलेली घरं मोजकीच. त्या घरांतल्या बंदुका बारा बोअरच्या, एकनळी किंवा दुनळी, आणि पुष्कळदा बापाकडून मुलाकडे आलेल्या. अशा बंदुकीची नळी बहुधा शाबूत असते. दुखणं असतं दस्त्यात.

अशीच एक दुनळी मी हातात घेऊन पाहिली आहे. पकडीच्या बारीक जागेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळलेली आणि वरून बाइंडिंगची तार. पट्टी सोडल्यावर आत तिरपी भेग दिसली. वरच्या लोखंडी पट्टीपाशी सुरू होऊन ती चापाच्या मागं उतरली होती. भेगेच्या कडा काळ्या पडलेल्या. नखाने दाबलं तर लाकूड मऊ लागत होतं आणि नखाखाली तेल उमटत होतं. बंदूक वर्षानुवर्षं दस्ता खाली, नळी वर अशी कोपऱ्यात उभी ठेवलेली आणि तेलाचा हात सढळ. यंत्रातलं तेल हळूहळू खाली उतरून लाकडाच्या डोक्यात मुरत जातं. तेल मुरलेलं लाकूड कुजल्यासारखं होतं आणि त्यात स्क्रू धरत नाही. घरच्यांना वाटत होतं की तेल घालून आपण बंदुकीची काळजीच घेतो आहोत. अशा लाकडावर फेव्हिकॉल लावा, तार आवळा, खिळा ठोका, काहीही करा, भेग पुन्हा उघडणारच, कारण तेलकट लाकूड डिंक धरत नाही.

आता हे सगळं का महत्त्वाचं, ते पाहू. बारा बोअरचं एक काडतूस उडतं तेव्हा साधारण ३० ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने पुढं जातात. जेवढा रेटा पुढं, तेवढाच मागं. हा मागचा रेटा लोखंडातून लाकडात आणि लाकडातून खांद्यात उतरतो. त्याला दुसरी वाट नाही. म्हणजे प्रत्येक बाराला जो भाग सगळा धक्का पेलतो, त्यालाच आपण 'नुसता धरायला' म्हणतो. लोखंड लाकडाला जिथं टेकतं तिथं दोन्ही बाजूंनी सारखं टेकलं पाहिजे. एका बाजूला कागदाच्या जाडीची फट राहिली तर सगळा दाब दुसऱ्या बाजूवर येतो आणि लाकूड तिथून चिरतं. म्हणून या कामातले कारागीर लोखंडाला काजळी लावून ते लाकडात बसवून पाहतात. काळा डाग उमटेल तेवढंच पटाशीने खरवडतात, पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे चालतं. या कामाला दिवस लागतात.

गावच्या सुताराच्या कसबाला मी नावं ठेवत नाही. तिफण, वखर, दारं-खिडक्या करणारा तो हात आहे आणि त्याच्याशिवाय शेतकऱ्याचं पान हलत नाही. पण बंदुकीचं लोखंड आतून कसं टेकतं हे त्याला कधी पाहायला मिळालेलं नसतं. समोर आलेला मोडका दस्ता पाहून तो बाहेरचा आकार हुबेहूब करतो, आणि फसगत होते ती आतल्या बाजूला. लाकडाचंही तसंच. बंदुकीला जगभर अक्रोडाचं लाकूड पसंत करतात, कारण ते फार जड नाही, चिवट आहे आणि हवा बदलली तरी फारसं फुगत-आटत नाही. सुताराच्या हाताशी सागवान असतं. दारासाठी त्याच्यासारखं लाकूड नाही, पण बारीक पकडीच्या जागी धक्का बसला की ते फाटतं. बाभळीचं लाकूड चिवट खरं, पण जड असतं आणि पुरतं वाळलेलं नसेल तर वाळताना पिळवटतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ४२-४३ अंशांचं कोरडं ऊन आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा. कमी वाळलेला दस्ता एका वर्षात स्क्रूपासून सुटा होतो. शिवाय लाकडाच्या रेषा पकडीच्या जागेतून लांबीने सरळ गेल्या पाहिजेत. फळीतून आकार काढताना त्या आडव्या-तिरप्या गेल्या तर नवाकोरा दस्तासुद्धा त्याच जागी मोडणार, आणि मोडायची वेळ म्हणजे बार उडतानाचीच वेळ.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. "आम्ही कुठं जनावराला मारतो? हवेत बार काढतो, आवाजाने पळतात. त्याला काय लागतो नीट दस्ता?" हे उत्तर मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं. हवेत काढलेला बार परत खाली येतो. बारीक छर्रे दोनेकशे मीटरपर्यंत जातात, मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरच्याही पुढं. आणि हंगामात रात्री शिवार रिकामं नसतं. आपण माळ्यावर असतो तेव्हा शेजारच्या वावरात दुसरा माणूस जागलीला असतो, त्याच्या पलीकडे तिसरा. मोडक्या पकडीची बंदूक चाप ओढताना हातात फिरते, नळीचं तोंड कुठं गेलं ते धरणाऱ्यालाही कळत नाही. अंधारात, झोपेच्या अंमलात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात तार गुंडाळलेली बंदूक. आवाज काढायचाच असेल तर फटाका पुरेसा आहे. बंदूक उचलायची तर ती पूर्ण काबूत असली पाहिजे, आणि बंदूक काबूत राहते ती दस्त्यामुळे.

मग मापाची गोष्ट. "वडिलांनी हीच वापरली, आजोबांनी हीच वापरली." वापरली असेल. आजोबा सहा फुटी असतील आणि नातू सव्वापाच फुटी. दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर, बाजारात मिळणाऱ्या बंदुकांत साधारण सव्वाचौदा इंचांच्या आसपास असतं. लहान चणीच्या माणसाला तेरा-साडेतेरा पुरतं. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, बाहेर दंडावर टेकतो, आणि मग प्रत्येक बाराला दंड काळानिळा होतो. त्यात थंडीत जागलीला माणूस स्वेटरवर घोंगडी पांघरून बसतो. उन्हाळ्यात बरा वाटणारा दस्ता त्या वेळी कापडात अडकतो आणि खांद्याला लागतच नाही. दस्ता आखूड असेल तर अंगठा धक्क्याबरोबर नाकावर येतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला, की अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. हा ढोबळ अंदाज झाला, पण कुणालाही करता येतो. दुसरी गोष्ट गालाची. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागचा दर्शक नसतो, नळीच्या टोकावर फक्त माशी. मागच्या दर्शकाचं काम डोळाच करतो. गाल दस्त्यावर कुठं टेकतो यावर डोळा किती वर आणि किती मधोमध येतो हे ठरतं. दस्त्याचा वरचा काठ फार खाली असेल तर नेम धरायला गाल उचलावा लागतो, आणि उचललेल्या गालावर धक्क्याबरोबर लाकूड आपटतं. बार चुकतो तो वेगळाच.

खांद्यावरचा काळा डाग अभिमानाने दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्यात शौर्य दिसत नाही. ज्याला प्रत्येक बाराला मार बसतो तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि अंग आकसून घेतो. शरीर शिकतंच तसं. डोळे मिटून काढलेला बार कुठं जाईल?

दुसरं मत जरा शिकल्या-सवरलेल्यांकडून येतं. जुन्या दस्त्यावर कशाला वेळ घालवायचा, सरळ सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी. धक्का कमी, तीन-चार बार लागोपाठ, प्लास्टिकचा दस्ता, मोडायचा प्रश्नच नाही. हे बोलणारे सिनेमातली बंदूक पाहून बोलतात. पहिली अडचण कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं वर्ग १ (बी) मध्ये घातली आहेत, २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकाही त्याच वर्गात आहेत. साध्या एकनळी-दुनळीचा वर्ग वेगळा. पिकासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला आणि सेमी-ऑटोमॅटिक घेऊन आलो, असं होत नाही. परदेशी बंदुकीची आयात सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकापासून बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. ज्यांच्या घरी जुनी सेमी-ऑटोमॅटिक रीतसर परवान्यावर आहे, किंवा जे क्रीडा-नेमबाजीत आहेत, त्यांची गोष्ट निराळी. पण त्यांनाही 'दस्ता म्हणजे नुसतं लाकूड' हे मत सगळ्यांत महागात पडतं, कारण त्यांच्या बंदुकीत दस्ता यंत्राचाच भाग असतो.

जॉन ब्राउनिंगने १९०० साली पेटंट घेतलेली आणि बेल्जियममधल्या एर्स्तालच्या कारखान्यात तयार झालेली ऑटो-५ ही मोठ्या प्रमाणावर निघालेली पहिली सेमी-ऑटोमॅटिक छर्ऱ्याची बंदूक. पाठीला कुबड असल्यासारखा तिचा आकार. तिच्या काडतुसांच्या नळीभोवतीच्या स्प्रिंगपाशी घर्षणाच्या कड्या असतात. हलक्या आणि भारी काडतुसांसाठी त्या वेगवेगळ्या रचाव्या लागतात. रचना चुकली आणि भारी काडतूस उडवलं, तर लोखंड जोराने मागं आपटतं आणि पुढच्या लाकडाला भेग जाते. मालक म्हणतो लाकूड कच्चं निघालं. सुतार नवं लाकूड बसवतो, तेही चिरतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय या बंदुकीत आणि नंतरच्या बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दस्त्याच्या पोटात एक लोखंडी नळी जाते आणि तिच्यात खटका पुन्हा पुढं ढकलणारी स्प्रिंग असते. ही नळी आणि दस्त्याचं भोक यांचा मेळ जमला नाही, भोक जरा वाकडं गेलं, तर स्प्रिंग घासते, खटका अर्धवट बंद होतो आणि बंदूक अडकते. अर्धवट बंद झालेल्या बंदुकीत काडतूस आहे की नाही या गोंधळात पुष्कळ अपघात होतात.

ज्याला अशा सेमी-ऑटोमॅटिकचा दस्ता काढणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल त्याने एकदा जाणकाराच्या समोर बसून पाहावं. बंदूक रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटानेही तपासलं जातं, वरचं कोठार आणि खालची काडतुसांची नळी दोन्ही. मग मागची रबरी गादी निघते. तिचे स्क्रू रबरात खोल असतात, वरून फक्त दोन चिरा दिसतात; पेचकसाच्या टोकाला ग्रीसचं बोट लावून आत घातला तर रबर फाटत नाही. गादी निघाली की दस्त्यात लांब भोक दिसतं आणि त्याच्या तळाशी नट. त्याला लांब दांड्याचा पाना लागतो. पक्कड किंवा छिन्नी घातली की नटाचे कोपरे गेले आणि लाकूडही गेलं. नट, त्याखालचा वॉशर आणि चकती कोणत्या क्रमाने निघाल्या ते कागदावर मांडून ठेवलं जातं. दस्ता सरळ मागं ओढतात, पिळत नाहीत. स्प्रिंगची टोपी उगाच उघडत नाहीत, कारण ती दाबाखाली असते. ऑटो-५ मध्ये तर मुख्य स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांच्या शेजारी इवले अडसर-स्क्रू असतात. ते आधी काढले नाहीत आणि जोर लावला तर मुख्य स्क्रूची खाच फाटते. नवा दस्ता त्याच मॉडेलचा लागतो. दिसायला सारखा, पण नळीची लांबी किंवा नटाचे आटे वेगळे, असा दस्ता बसत नाही, आणि बसवला तर टिकत नाही. काही कंपन्या लोखंड आणि दस्ता यांच्यामध्ये घालायच्या पातळ चकत्या देतात. त्या बदलल्या की मागचं टोक थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे करता येतं, म्हणजे लाकूड न कापता बंदूक माणसाच्या अंगाला जुळते. बसवून झाल्यावर नकली काडतुसांनी खटका पुरता बंद होतो का ते पाहतात, आणि पहिले काही बार झाल्यावर नट पुन्हा तपासतात, कारण नवं लाकूड दबतं. एवढं सगळं पाहिल्यावर 'सुताराकडून बसवून घ्या' हे वाक्य तोंडातून निघणार नाही.

सेमी-ऑटोमॅटिकचा धक्का कमी असतो म्हणतात, तेही अर्धंच खरं आहे. वायूवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तोच रेटा जरा जास्त वेळात पसरतो, म्हणून खांद्याला मऊ वाटतो. साध्या दुनळीला चांगली रबरी गादी आणि मापाचा दस्ता दिला तरी बराच फरक पडतो, आणि तो शेतकऱ्याच्या आवाक्यातला आहे. एक मात्र पाहावं, गादीने दस्ता पाऊण-एक इंच लांब होतो. तेवढं लाकूड कापायचं, तर कोनाचा विचार करून, एकदाच कापावं लागतं, आणि कापलेला तुकडा जपून ठेवलेला बरा.

आता कायद्याकडे. इथं दोन टोकाची मतं आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. एक पक्ष म्हणतो, "शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये नळी आखूड करायला मनाई आहे, दस्त्याचं तर नावही नाही." कलम ६ पुरतं हे खरं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि कलम ५ मध्ये परवान्याशिवाय बंदूक तयार करणं, विकणं यांच्याबरोबर दुरुस्ती हा शब्दही घातलेला आहे. कलम ५ मोडणाऱ्याला शिक्षा कलम २५ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढली. पैसे घेऊन बंदुकीचा दस्ता बसवणारा सुतार या शब्दात सापडू शकतो, असं मी हे कलम वाचतो. ज्या माणसाने शेजारधर्म म्हणून काम केलं त्याला आपण कुठल्या संकटात टाकतो आहोत, याचा विचार बंदूकमालकाने करायला हवा. हे काम करायला नाही म्हणणारा सुतार शहाणा, आणि त्याच्यावर रुसणारा मालक चुकलेला.

दुसरा पक्ष म्हणतो, "मग बंदुकीला हातच लावू नका, पुसायलाही नको." हेही धोक्याचं. न पुसलेली, न पाहिलेली बंदूक जास्त घातकी. परवाना घेताना सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि सुरक्षित ठेवण्याची हमी २०१६ च्या नियमांत आहे. स्वच्छता, तेलाचा पातळ हात, बंदूक नळी खाली करून किंवा आडवी ठेवणं, पकडीच्या जागी भेग आहे का ते उजेडात पाहणं, स्क्रू सैल झालाय का ते पाहणं, हे मालकाचं कामच आहे. भेग दिसली तर त्या दिवसापासून बंदूक वापरायची नाही, आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे परवाना सोबत घेऊन न्यायची. त्याच्या बिलावर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यायचा आणि बिल परवान्याबरोबर ठेवायचं. बंदुकीचा क्रमांक लोखंडावर असतो, दस्ता बदलल्याने तो बदलत नाही, त्यामुळे रीतसर काम करून घेणाऱ्याला घाबरायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. शिरड शहापुरात भगवान मल्लिनाथांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे, दुरून यात्रेकरू येतात. तिथं बसून कोणी म्हटलं, की ज्या वस्तूने जीव जातो तिची दुरुस्ती कशी करावी याची चर्चाच नको, तर त्या भावनेचा मी मान राखतो. बंदुकीविना पीक राखता येत असेल तर तेच करावं. कुंपण घालावं, गावाने मिळून राखण ठेवावी, नुकसानभरपाईसाठी पंचनामा वेळेवर करून घ्यावा. पण ज्याच्याकडे बंदूक आहेच आणि तो ती वापरणारच आहे, त्याच्या हातात वाकडी, मोडकी बंदूक असण्याने हिंसा कमी होत नाही. नेम हुकलेला छर्रा रानडुकराच्या पोटात जातो, ते जखमी होऊन नाल्यात पडतं आणि दिवसेंदिवस तडफडतं. जखमी डुक्कर माणसावर धावून येतं, सकाळी पाणी द्यायला गेलेल्या बाईवर, पोरावर.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे, ही गोष्ट गावागावांत सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली, पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी या परवानगीची पद्धत २०१५ च्या निर्णयाने ठरवून दिली आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावायचा प्रश्नच येत नाही. रात्रीच्या बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले, आणि ते रोह्याचे की काळविटाचे हे न ओळखता बार काढला, तर गुन्हा घडला आणि जीवही गेला. खांद्याला नीट लागणारी बंदूक माणसाला आधी पाहायला, मग ठरवायला वेळ देते. अंगाला न जुळणारी बंदूक सावरण्यातच तो वेळ जातो.

मग घोडं पेंड खातं कुठं? शेतकऱ्याने परवानाधारक कारागिराकडे जावं, हे सांगायला सोपं आहे. सोयाबीन काढणीच्या तोंडावर, दोन दिवसांची मजुरी बुडवून, बंदूक बांधून, कुठल्या तरी दूरच्या शहरात दुकान शोधत जायचं, आणि दस्ता तयार होईपर्यंत पुन्हा खेप, असं असेल तर तो सायकलची ट्यूबच गुंडाळणार. म्हणून 'सुताराकडून बसवून घ्या' या मताचा खरा प्रतिवाद जिल्हा प्रशासनाने करायला हवा. बंदुकीचा परवाना आता पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्या वेळी लोखंडावरचा क्रमांक ताडला जातो. त्याच टेबलावर दस्त्याची पकड, भेग आणि सैल स्क्रू पाहून 'वापरण्यायोग्य' किंवा 'दुरुस्तीनंतर वापरावी' असा शेरा लिहिण्यात काय अडचण आहे? वर्षातून एकदा, पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत, परवानाधारक कारागिराला तालुक्याच्या ठिकाणी बोलावून दुरुस्ती शिबिर घ्यावं. पोलिसांच्या देखरेखीखाली हे काम सहज होईल, आणि मापं घेऊन ठेवली तर कारागिराला दस्ते आपल्या दुकानात करून पुढच्या खेपेला आणता येतील.

निवडणुकीच्या काळातल्या जमा शस्त्रांचंही असंच. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकाच वर्षात झाल्या. अशा वेळी ज्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, त्यांना मिळणाऱ्या पावतीवर बंदुकीचा क्रमांक असतो. दस्त्याची अवस्थाही तिथंच लिहून घ्यावी: भेग आहे की नाही, रबरी गादी आहे की नाही. बंदुका आडव्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. परत घेताना पावतीवरचा मजकूर आणि बंदूक समोरासमोर पाहूनच सही करावी. हंगामाआधी हातात आलेल्या बंदुकीचा पहिला बार काढण्याअगोदर पकडीची जागा उजेडात तपासावी, आणि तिथं रेष दिसली तर बंदूक तशीच कुलपात ठेवून कारागिराची तारीख घ्यावी.